पहिली आंघोळ कुऱ्हाडीची

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर दाढी होती, उजव्या गालावर नव्हती, आणि समोर एक लालबुंद गोरा माणूस हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता.

मी बहरीनमधल्या मुहर्रकच्या त्या जुन्या घराच्या दारात ट्रंक घेऊन उभा. विमानतळावर कार्गो ऑफिसात नुकती नोकरी लागलेली, राहायला जागा नाही. पुण्याहून निघताना कुणीतरी सांगितलं होतं, मुहर्रकला आपला एक माणूस मोठं घर भाड्याने घेऊन राहतो, खोली देईल. माणूस कसा आहे, ते सांगायचं राहून गेलं होतं.

"दार लाव," फेसातून आवाज आला. "वाऱ्याने याचा हात हलला तर माझा गाल जाईल."

मी दार लावलं. ते बाहेर राहून लावायचं सुचलं नाही, म्हणून पुढची कितीतरी वर्षं मी त्या घरात काढली.

गोऱ्याने कुऱ्हाड अगदी पात्याच्या मागे धरली होती. जीभ दातांत दाबून त्याने ती मामांच्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत ओढली. फेस गेला, दाढी गेली आणि खाली मामांचा गाल जसाच्या तसा शिल्लक राहिला. मामांनी त्यावरून हात फिरवला, भिंतीवरच्या आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला.

"ही कुऱ्हाड नव्हे. कुऱ्हाडीचं सोंग घेतलेला वस्तरा आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कुठला?"

"पुण्याचा."

"म्हणजे शर्यतीचा. मागची खोली घे. आंघोळीला नंबर शेवटचा."

यातलं एकही वाक्य मला कळलं नाही. खोली मिळाली एवढं कळलं.

मामा एका कंत्राटदार कंपनीत चीफ अकाउंटंट होते. गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. ऑफिसात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय आणि सोनेरी काड्यांचा चष्मा. घरी लुंगी, उघडं अंग आणि हातात कुऱ्हाड. त्यांचं खरं नाव व्हिसावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. म्हातारा अरब घरमालकसुद्धा भाडं न्यायला आला की दारातूनच "या मामा!" अशी हाक घालायचा, अरबीतलं "या" म्हणजे "अहो", आणि चहा घेतल्याशिवाय जायचा नाही.

त्यांच्याकडची कुऱ्हाड बंबासाठी होती. आणि बहरीनमध्ये बंब कशासाठी, हा प्रश्न त्या घरात विचारायचा नव्हता. जिथे झाड म्हणजे खजूर आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं कढत, की नळाखाली तांदूळ धरले तर भात व्हावा, अशा मुलखात हा गृहस्थ सासऱ्यांनी लग्नात दिलेला तांब्याचा बंब मुंबईहून बोटीने घेऊन आला होता. बंबाच्या पोटात कुऱ्हाड. बंदरावर कस्टमवाल्याने ते धुराडं पाहिलं, तोटी पाहिली, खालची जाळी पाहिली आणि त्याची खात्री पटली, की ही दारू गाळायची भट्टी आहे. मामांनी म्हणे तिथेच धक्क्यावर बंब पेटवला, त्या पाण्याचा चहा केला, कस्टमवाल्याला पाजला आणि शिक्का मारून घेतला. हे सगळं मामाच सांगत. त्यांच्या गोष्टीतला अर्धा भाग वजा करायचा असे, उरलेलाही भरपूर असे.

घरात तिसरे होते सावंत. वेंगुर्ल्याकडचे, मामांच्याच कंपनीत व्हॅन चालवायचे आणि आमच्यासाठी मासे करायचे. ऑगस्टातल्या एका सकाळी घामाने निथळत ते ओट्यापासून ओरडले, "मामांनू, नळाक आग लागली हा, आनि तुमी बंब पेटवतास?"

"ते तापलेलं पाणी आहे, सावंत," मामा फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले. "मला तापवलेलं लागतं. उन्हाने आपोआप तापलेल्या पाण्यात कुणाची माया नसते."

बंबाचा कायदा एकच. पहिली आंघोळ मामांची. मग सावंत, मग आला-गेला आणि शेवटी पुणे. एकदा मामांचे सख्खे मेहुणे मुक्कामाला आले. "दाजी, बंब माझ्या बापाने दिलाय," असं म्हणून त्यांनी पहिल्या नंबरावर हक्क सांगितला. मामा म्हणाले, "बंब तुमच्या बापाचा, लाकूड मी फोडलेलं. पाणी लाकडाने तापतं, बापाने नव्हे." मेहुणे दुसऱ्या नंबरावर गेले.

लाकूड यायचं ते कंपनीच्या यंत्रांच्या खोक्यांचं. शुक्रवारी सुट्टी. सकाळी सावंत व्हॅनमधून फळ्या आणि जाड दांडके आणून टाकायचे. मामा अंगणात ठोकळा मांडायचे आणि फोडायला बसायचे. त्यांची कुऱ्हाड गडहिंग्लजच्या बाजारातली. पातं लहान, गाल फुगलेले, दांडा बाभळीचा आणि जरासा तिरका. फळीत खिळा निघाला तर ती खिळ्यासकट फळी फोडायची. धार गेली की मामा ती दारातल्या सिमेंटच्या पायरीवर घासायचे, अंगठा लावून बघायचे आणि पुन्हा सुरू. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण त्या घरात बंद होती. म्हणणाऱ्याला त्या दिवशी गार पाण्याने आंघोळ.

अशाच एका शुक्रवारी दारावर थाप पडली होती. सावंत दार उघडून तसेच मागे आले. "मामांनू, भायर गोरो इलो हा. कुराड बघूक व्हयी म्हणता."

तो रॉय. न्यूझीलंडचा. जुफैरकडच्या कॅम्पात राहायचा, यंत्रांवर फोरमन होता. घरमालकाच्या शेजारी कुणाचा तरी पंप बघायला आला होता आणि गल्लीत उभा असताना त्याला कुऱ्हाडीचा आवाज आला. घर सोडल्यापासून अंगणात कुणी सरपण फोडल्याचा आवाज त्याने ऐकला नव्हता, म्हणे. मामांनी त्याला ठोकळ्यावर बसवलं आणि कुऱ्हाड हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली, तिचे फुगलेले गाल चाचपले आणि विचारलं, "ही खिळे खाते?"

"आवडीने," मामा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी रॉय आपली कुऱ्हाड घेऊन आला. आणि नेमका त्याच शुक्रवारी मी, ट्रंक घेऊन.

त्याची कुऱ्हाड लाकडी पेटीत होती, आत मऊ कापड, कापडाला तेलाचा वास. त्याच्या बापाची. बाप गावोगावच्या जत्रांमध्ये लाकूड तोडायच्या शर्यती मारायचा. आता तो नव्हता. पातं मामांच्या कुऱ्हाडीच्या दुप्पट रुंद, आरशासारखं घासलेलं, आणि कडेला इतकं पातळ, की उजेडात धरलं तर कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नसे. दांडा सरळ, सडपातळ. तिला लागायचे साल काढलेले, एकही गाठ नसलेले ओंडके. ते न्यूझीलंडहून मटणाच्या जहाजातून यायचे, कारण जहाजाचा कप्तान त्यांच्यातलाच होता. गोऱ्यांच्या क्लबात वर्षाकाठी शर्यत व्हायची. ओंडका आडवा घालायचा, त्यावर उभं राहायचं आणि आपल्याच दोन पायांच्या मधे घाव घालत तो तोडायचा.

"ज्यावर उभा आहेस तेच तोडायचं?" मामांनी विचारलं.

"हो."

"आणि लवकर तोडला तर बक्षीस?"

"हो."

"आमच्या कंपनीतही हेच चालतं," मामा म्हणाले. "बक्षीस मात्र मॅनेजरला मिळतं."

त्यांची मैत्री जमली ती भांडणातून. दर शुक्रवारी रॉय यायचा, पोहे खायचा आणि दोघं त्याच विषयावर तोंड सोडायचे. रॉय म्हणायचा, कुऱ्हाडीचं काम तोडणं. आडवा घाव लाकडाच्या धाग्यांना कापत गेला पाहिजे, त्यासाठी पातं पातळ हवं. मामा म्हणायचे, कुऱ्हाडीचं काम फोडणं. उभा घाव धाग्यांना बाजूला सारत गेला पाहिजे, त्यासाठी गाल जाड हवेत. रॉय म्हणायचा, तुझी कुऱ्हाड माझ्या ओंडक्यावर आपटून उडेल. मामा म्हणायचे, तुझी माझ्या फळीत रुतून बसेल आणि एका खिळ्यात विधवा होईल. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण संपायला काही कारणच नव्हतं.

त्यातून मामांचं तत्त्वज्ञान तयार झालं. जगात माणसं दोन जातींची. कामाची आणि शर्यतीची. सावंत कामाचे. घरमालक कामाचा. गडहिंग्लजला असलेल्या मामी, "कामाच्या, पण धार बघ." कंपनीचा मॅनेजर दोन्ही नव्हे, तो नुसता दांडा. आणि मी शर्यतीचा. सुरुवातीला मला वाटलं, हे कौतुक आहे. मग एकदा घरून पत्र आलं, माझं ठरलेलं लग्न मोडल्याचं. मी रात्री जेवलो नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही माशाच्या ताटावरून उठलो. सावंत म्हणाले, "आमचा बी मोडला होता. संध्याकाळी दोन भाकऱ्यो जास्त खाल्लंय." मामांनी त्यांना गप्प केलं. माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सावंत कामाचे आहेत. त्यांना खिळा लागला तर पायरीवर घासून पुन्हा चालू. तुझं तसं नाही. कामाची कुऱ्हाड विसरते लेका. शर्यतीची लक्षात ठेवते. सावकाश घे." आणि त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला आंघोळीला दुसरा नंबर दिला. सावंतांनी तक्रार केली नाही. कामाचे होते.

तर आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय.

रॉयचं कंत्राट संपत आलं होतं. शरद ऋतूतली, म्हणजे तिकडे फक्त कॅलेंडरवर असलेल्या शरद ऋतूतली ती शर्यत त्याची बहरीनमधली शेवटची. तोवर दरवर्षी तो दुसरा यायचा. पहिला यायचा एक धिप्पाड ऑस्ट्रेलियन. रॉयची इच्छा एवढीच होती, की घरी गेल्यावर आईला सांगता यावं, बाबांच्या कुऱ्हाडीने मी एकदा तरी पहिला आलो. हे त्याने एरवी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी कुऱ्हाडीची पेटी मामांच्या हातात देताना बोलला. शर्यतीच्या आधीचे काही दिवस त्याची ड्यूटी सित्राला लागली होती. तिथल्या केबिनमध्ये चारजण राहायचे, आणि मागे एकदा त्यातल्या एकाने या कुऱ्हाडीने सार्डिन माशांचा डबा उघडला होता.

"तुमच्या घरात कुऱ्हाडीला मान आहे," रॉय म्हणाला. "फक्त एक करा. हिला लाकूड लागू देऊ नका."

"लाकडाचा स्पर्श होणार नाही," मामांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. दोन्ही हातांनी पेटी घेतली, देव घ्यावा तशी.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमी जोरात असायची. अंगणात पाट मांडले. मामांचं बेरजा करायचं यंत्र, सावंतांचा जॅक आणि पाने, माझा कार्गोचा रबरी शिक्का, विळी, फुंकणी आणि मधोमध गडहिंग्लजची कुऱ्हाड. मनामा शहरातल्या देवळापाशी झेंडू मिळाला होता. मामांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाले, "घरात पाहुणी आहे. तिची पूजा नको?"

पेटी उघडली. मामांनी पात्यावर कुंकवाचं बोट लावलं. कुंकू निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. पात्यावर तेलाचा पातळ हात होता.

"हिला आंघोळ घातली पाहिजे," मामा म्हणाले. "पारोशाची पूजा होत नसते."

बंब धडधडत होता. त्या दिवशी मामांची आंघोळ अजून व्हायची होती, कारण पूजेच्या तयारीत सकाळ गेली होती. त्यांनी तोटी सोडली, पहिला तांब्या भरला आणि कुऱ्हाडीवर ओतला. साबण लावला. अगदी तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं मान धरून, मागून-पुढून. सावंत दारात उभे होते. ते माझ्या कानात म्हणाले, "पयली आंघोळ! मेवण्याक गावली नाय ती!"

मग अडचण आली. पाट लाकडाचा. रॉयला दिलेला शब्द! मामा गेले आणि आतून तांब्याची मोठी परात घेऊन आले. परातीत कुऱ्हाड ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, फुलं. फुलाने पाणी शिंपडलं, भरपूर शिंपडलं, कारण पाहुणीला कमी पडायला नको. आरती झाली. नमस्कार करून हत्यारांना विश्रांती दिली, दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

नळाचं पाणी मुहर्रकला खारट असायचं. प्यायला गोडं पाणी आम्ही विकत घ्यायचो. पुढे एका इंजिनिअरला मी ही हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला, लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र रात्रभर ठेवायचं म्हणजे गंजाची याहून चांगली सोय मुद्दाम ठरवूनही करता येणार नाही.

दसरा शुक्रवारी होता. शर्यतही त्याच दिवशी, दुपारनंतर. सकाळीच रॉय आला, दाढी करून, पांढरे कपडे घालून. मामा डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधून तयार. मोठ्या थाटात त्यांनी परातीतली फुलं बाजूला केली.

धारेच्या कडेने तपकिरी रेघ धरली होती. चहाच्या रिकाम्या कपाला आतून असते तशी. पात्याच्या मधोमध बारीक ठिपके.

"मामांनू," सावंत हळूच म्हणाले, "हेका गंज धरलो."

  मामांनी धोतराच्या सोग्याने पातं पुसलं. रेघ गेली नाही. पुन्हा पुसलं. मग ते पायरीवर बसले. फेट्याचा तुरा तेवढा हलत होता.

रॉयने कुऱ्हाड उचलली. अंगठा धारेवरून अगदी हळू नेला. त्याचा चेहरा लाल होता, तो पांढरा झाला. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला तर बरंच होईल.

"कशाने धुतली?" त्याने विचारलं.

"बंबाच्या पाण्याने," मामा खाली बघत म्हणाले. "ऊन ऊन."

"धुतली कशाला?"

मामांना ते सांगता येईना. कुंकू चिकटत नव्हतं, हे इंग्रजीत कसं सांगायचं? शेवटी सावंतांनी आपल्या ड्रायव्हरी इंग्रजीत सांगून टाकलं. "साब, फर्स्ट बाथ. मामा नो बाथ. फर्स्ट बाथ युवर कुराड."

रॉय मामांकडे बघत राहिला. दीड-दोन वर्षं दर शुक्रवारी तो त्या घरात येत होता. तिथली पहिली आंघोळ काय चीज आहे ते त्याला ठाऊक होतं. मेहुण्यांची गोष्ट तर त्याला पाठ होती, तो ती कॅम्पात साभिनय करून दाखवायचा. तो मामांच्या शेजारी पायरीवर बसला.

"तुमच्याआधी?" त्याने विचारलं.

मामांनी मान हलवली.

रॉयने कुऱ्हाड दोघांच्या मधे ठेवली. 

"धार परत येईल?" मी विचारलं.

"येईल. पण ठिपके घासून काढायला कितीतरी दिवस. आज नाही. आज खलास." आणि दुसऱ्याची मागायचाही प्रश्न नव्हता. शर्यतीची कुऱ्हाड आणि दात घासायचा ब्रश उसना देत नाहीत, असं रॉयच एकदा म्हणाला होता.

मामा उठले. पाटावरच्या कुऱ्हाडीवर अक्षता टाकल्या, ती जराशी हलवली, म्हणजे तिची विश्रांती संपली. मग ती रॉयसमोर धरली.

"ही घेऊन जा."

"ही फोडायची आहे मामा."

"माहीत आहे. तुझ्या ओंडक्यावर आपटून उडेल. हरशील. पण ही तुला नाही म्हणणार नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "आज शिलंगण आहे. माणसाने आज घरात बसायचं नसतं."

मी तुम्हाला सांगितलं असतं, की गडहिंग्लजच्या कुऱ्हाडीने सगळ्या गोऱ्यांना पाणी पाजलं. मामांनी ही गोष्ट सांगितली असती तर नक्की तसंच झालं असतं. पण मी तिथे होतो.

क्लबाच्या हिरवळीवर ओंडके मांडलेले. रॉय त्या तिरक्या दांड्याची, पात्यावर कुंकू लावलेली कुऱ्हाड घेऊन ओंडक्यावर चढला, तेव्हा वेळ मोजणाऱ्या माणसाने आधी चष्मा पुसला. शिटी वाजली. ऑस्ट्रेलियनाच्या कुऱ्हाडीखालून ताटाएवढ्या ढलप्या उडायला लागल्या. रॉयच्या कुऱ्हाडीखालून निघत होते ते बटाट्याचे काप. पातं आत जाईना, गाल मधे येत. घाव घालायचा आणि परत उडायचं. ऑस्ट्रेलियनाचा ओंडका तुटला. बाकीच्यांचे तुटले. टाळ्या झाल्या. ऑस्ट्रेलियनाने घाम पुसला, हस्तांदोलन केलं, थंड पेयाची बाटली उघडली, संपवली. रॉय अर्ध्यावर होता.

तो थांबला. कुऱ्हाड खाली टेकवली. थांबायला हरकत नव्हती, कुणी हसलंही नसतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हाण!"

फेटा बांधलेले मामा खुर्चीवर चढले होते. "हाण रॉय! हाण लेका! ती थकत नाही, तू कशाला थकतोस? हाण!"

सावंतांनी दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली. "मार रे! सोडू नको!"

रॉयने वर पाहिलं. हसला. आणि हाणायला लागला. पुढच्या प्रत्येक घावाला मामा "हाण!" म्हणायचे, मग आम्ही म्हणायला लागलो, मग शेजारच्या दोन मडमा, मग वेळ मोजणारा, ज्याने घड्याळ केव्हाच खिशात टाकलं होतं. अर्थ एकालाही ठाऊक नसेल, पण त्या शब्दाला कुठे अर्थ लागतो! ओंडका तुटला तेव्हा रॉयचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि तो शेवटचा आला होता. शेवटून दुसऱ्याच्याही फार फार मागे. तुटलेल्या ओंडक्यावर बसून तो मामांना म्हणाला, "मी सांगितलं होतं. उडते."

"मी कुठे नाही म्हणालो?" मामा म्हणाले. मग आजूबाजूला बघून आवाज बारीक करून विचारलं, "ही लाकडं आता कुणी नेणार आहे का?"

कुणी नेणार नव्हतं. शर्यतीत तुटलेले सगळे ओंडके सावंतांच्या व्हॅनमध्ये गेले. ऑस्ट्रेलियनाने स्वतः उचलून दिले. साल नाही, गाठ नाही, खिळा नाही. मामांनी संध्याकाळी अंगणात त्यातला एक उभा केला आणि एका घावात दोन फाका केल्या. "लोणी," ते म्हणाले, पण नेहमीसारखं रॉयकडे बघून नाही.

त्या रात्री रॉय आमच्याकडेच राहिला. सकाळी बंब पेटला. मामा पंचा खांद्यावर टाकून उभे होते. पाणी उकळायला लागलं तसा त्यांनी पंचा काढला आणि रॉयच्या खांद्यावर टाकला.

"जा. पहिली तुझी."

"मामांनू!" सावंतांच्या हातातली चमचाभर साखर सांडली.

बाहेर हवेत घाम फुटत होता. रॉय त्या कढत पाण्याने आंघोळ करून आला तेव्हा कालवणात घालण्याइतका लाल झाला होता. मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आता बघ. हे तापवलेलं."

रॉय जाईपर्यंत रोज संध्याकाळी दोघं अंगणात बसायचे. रॉय निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, फिरवायचा, मामा तेल घालायचे. मामांना पायरीवर घासायची सवय, हात सारखा शिवशिवायचा, पण रॉयने परवानगी देईपर्यंत त्यांनी निसण्याला हात लावला नाही. मग एके दिवशी रॉयने त्यांच्या हातात दिला. मामा श्वास रोखून घासायचे, चष्मा नाकाच्या टोकावर. ठिपके गेले. धार आली. पातं मात्र केसभर अरुंद झालं. ते फक्त त्या दोघांना दिसायचं. पेटी माझ्याच कार्गोतून गेली. बंद करण्यापूर्वी मामांनी पात्याला तेलाचा हात दिला, दोनदा, आणि मग हात तसाच ठेवून उभे राहिले. रॉयने त्यांना मिठी मारली. मामांचा चष्मा तेलकट झाला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मामांच्या ऑफिसच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत एक ढलपी, पांढरी, ताटाएवढी नव्हे पण चांगली बशीएवढी. तिच्यावर पेनाने एकच इंग्रजी शब्द. पहिला. मामांनी ती आम्हाला दाखवली, घरमालकाला दाखवली, मॅनेजरला दाखवली. मला वाटलं, आता फ्रेम करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती बंबात घातली.

"मामा!" मी ओरडलो.

"लाकूड जाळायचं असतं," मामा म्हणाले आणि पहिल्या आंघोळीला गेले. आतून गाण्याचा आवाज येत होता. मामा कधी गात नसत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सुट्टीवर आलो असताना गडहिंग्लजला गेलो. मामा निवृत्त होऊन गावी आले होते, बंबासकट. "यांचा बंब परत येईपर्यंत मी गीझर बसवला होता," मामी मला म्हणाल्या. "यांनी काढायला लावला." योगायोगाने खंडेनवमीच होती. अंगणात पाट मांडलेले. बेरजेचं यंत्र, विळी, फुंकणी. मधोमध गडहिंग्लजची कुऱ्हाड. तिच्या शेजारी एक तांब्याची परात, तीच. परातीत तांदळाची छोटी रास आणि रासेवर एक सुपारी.

आपल्याकडे जे हजर नसतं त्याच्या जागी सुपारी ठेवतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं.

"रॉयची," मामा म्हणाले.

मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मामांनी तो हळूच बाजूला सारला. वाटीतलं तेल बोटावर घेतलं आणि सुपारीला चोळलं. मागून, पुढून, आणि सगळ्यात सावकाश कडेने.

"मामा, सुपारीला कसला गंज चढतोय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू अजून पुण्याचाच आहेस लेका. सुपारी कुठे आहे ती?"

मग त्यांनी कुंकू कालवलं. तेलात. मारुतीचा शेंदूर कालवतात तसं. आणि लावलं. चिकटलं.

पाणी शिंपडलं नाही.